शेवटचं रीळ

रुवैसच्या कॅम्पात गुरुवारी रात्री
सिमेंटच्या गोदामाच्या चुना मारलेल्या भिंतीवर
घोडे यायचे.
प्रोजेक्टर कंपनीचा, पण बुरोंडकर इस्माईल
दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.
इंग्रजी आम्हाला 'येस' आणि 'टुमारो' एवढंच,
म्हणून तोच मोठ्यानं सांगायचा, दाभोळच्या हेलात:
"फौजदार म्हणतो, सूर्य बुडायच्या आत गाव सोड.
तो म्हणतो, गाव काय तुझ्या बापाचं?"
चारशे माणसं हसायची,
बुडाखालचे रंगाचे रिकामे डबे वाजायचे.

भिंतीवर वाळवंट, भिंतीमागेही.
वारा सुटला की डोळ्यांत जायची ती वाळू
कुठल्या बाजूची, सांगता यायचं नाही.

सगळे दरोडेखोराच्या बाजूनं.
मी एकटा गप्प. गळ्यात शिट्टी,
हातात चार सेलची बॅटरी, छातीवर बिल्ला:
कॅम्पचा वॉचमन.
फौजदाराची चांदणीही पत्र्याचीच असते
हे मी पहिल्याच रात्री बघून ठेवलं होतं.

एक सिनेमा पाच वेळा दाखवला,
पाचही वेळा अपुरा.
दुकानांच्या फळ्या मिटलेल्या, रस्ता रिकामा,
एका टोकाला फौजदार, दुसऱ्या टोकाला तो,
ज्याच्या डोक्यावर पाच हजार डॉलर.
कमरेपाशी बोटं हलतात
आणि भिंत पांढरी.
शेवटचं रीळ चुकून दमामला गेलं, बुरोंडकर म्हणायचा,
येईल.
मग पहाटेपर्यंत खोल्याखोल्यांतून एकच वाद:
कोण मेलं?

सगळ्यात जास्त भांडायचा खडपे.
वेल्डर, संगमेश्वराकडचा, चार महिने पगार तुंबलेला.
एका सकाळी त्याची खाट रिकामी.
गादी गुंडाळून सुतळीनं बांधलेली,
वर चादरीची घडी.
पळून जाणाऱ्यानं एवढं नीट कशाला ठेवावं?

आठव्या दिवशी पेपरात फोटो.
पासपोर्टवरचाच, कपाळ चकाकणारं.
खाली अरबीत आणि इंग्रजीत:
हा इसम फरारी आहे. यास कामावर ठेवू नये. थारा देऊ नये.
बक्षीस काही नव्हतं.
उलट दोन हजार सहाशे दिरहम
त्याचेच कंपनीकडे.

कॅम्पबॉस जॉर्जकुट्टी म्हणाला,
तुमच्या मुलखातला ना, तूच ओळखशील.
असा मी निघालो,
पाण्याच्या टँकरवर,
ड्रायव्हर पठाण, वाटभर खजुराच्या बिया थुंकत.

तरीफच्या पंपामागे पंक्चरचं दुकान.
टायरांच्या ढिगातून वर आलं ते कपाळ
मी लांबूनच ओळखलं.
मधे वीस पावलं,
आणि पुठ्ठा खाणारी एक शेळी.
त्याच्या हातात पाना.
माझा हात आपसूक शिट्टीकडे गेला
आणि तिथंच राहिला, कारण खाली कसा आणावा
ते सुचेना.

बराच वेळ कोणी हललं नाही.
मग खडपे म्हणाला,
"ते रीळ आलं काय रे?"

आलं, मी म्हटलं.

"मग? कोण मेलं?"

खोटं मी आधीही बोललो होतो,
पण इतक्या तपशिलानं कधी नाही.
फौजदाराच्या पिस्तुलात वाळू गेलेली, म्हटलं.
त्याच्याही. दोघं नुसते खटके ओढत राहिले.
मग ऊन फार झालं.

"मग?"

मग काय. एका दुकानाची फळी उघडली,
आतून एक बाई आली,
तिनं दोघांना पाणी दिलं.

खडप्यानं पाना खाली ठेवला.
"भिकार शेवट," म्हणाला.
मग टँकरच्या मागच्या चाकाला लाथ मारून बघितली,
हवा भरली,
आणि माझ्याकडून दोन दिरहम
मोजून घेतले.